घाम चढाचा, गारठा उताराचा

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून गेल्या वर्षापासून आठवड्यातून चार दिवस पहाटे दीड तास सायकल चालवते. माझ्या रस्त्यात सुमारे सहा किलोमीटरचा चढ आहे आणि परतताना तोच उतार लागतो. आजवर कधी अडचण आली नाही. पण हिवाळा सुरू झाल्यापासून पहाटे ६ ते ८ अंश तापमान असते आणि माझे फार हाल होतात. मी मुद्दाम एक जाड, फुगीर जॅकेट विकत घेतले. त्याच्या आत सुती टी-शर्ट आणि स्वेटर असतो. तरीही चढ संपेपर्यंत मी घामाने भिजते आणि उतार लागला की अक्षरशः कुडकुडते. बोटे इतकी बधिर होतात की ब्रेक दाबला गेला की नाही हेच कळत नाही. पायांची बोटे गारठतात, गुडघे दुखतात. घरचे म्हणतात, आणखी एक स्वेटर घाल, नाहीतर हिवाळाभर सायकल बंद ठेव. मला दोन्ही पटत नाही. नक्की काय घालावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले ब्रेकविषयीचे वाक्य मी दोनदा वाचले आणि त्याबद्दल आधी लिहितो. घामाने भिजणे, कुडकुडणे, पाय गारठणे हे सगळे त्रासदायक आहे, पण बधिर बोटांनी उतार उतरणे धोक्याचे आहे. हातांची नीट सोय होईपर्यंत तो उतार टाळा आणि सपाट रस्त्यावरच फिरा. बोटे बधिर झाल्याचे कधी वाटेतच लक्षात आले, तर सायकलवरून उतरा, हात काखेत धरून थोडा वेळ थांबा आणि बोटांना पुरती जाणीव आल्यावरच पुढे निघा. माझ्या सायकल चालवण्याच्या पहिल्या हिवाळ्यात मी हे केले नव्हते. एका वळणावर ब्रेक पुरेसा दाबला आहे अशी माझी समजूत होती, प्रत्यक्षात बोटे नुसती ब्रेकवर टेकलेली होती आणि मी थेट रस्त्याकडेच्या झुडपात गेलो. झुडूप होते म्हणून निभावले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरचे म्हणतात तसा आणखी एक स्वेटर घातलात, तर तुमचा त्रास वाढेल. उताराला तुम्हाला थंडी वाजते तिचे कारण चढावर तयार होते, आणि ते कारण म्हणजे ते जाड जॅकेट आहे.

सायकल चालवताना स्नायू जितकी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते, तर नेटाने चढ चढणाऱ्या सायकलस्वाराच्या शरीरातून ५०० वॉटच्या आसपास. म्हणजे चढावर तुमच्या अंगात एक लहानशी शेगडी पेटलेली असते, आणि त्या वेळी वेग कमी असल्यामुळे वाराही जेमतेम ताशी दहा किलोमीटरचा लागतो. माथा ओलांडला की हे सारे उलटे होते. पॅडल मारणे थांबते, काही मिनिटांत शेगडी मंदावते आणि वारा ताशी चाळीस किलोमीटरने अंगावर येतो. थंडीत चालणाऱ्या किंवा पळणाऱ्या माणसाला असा झपाट्याने होणारा पालट सहसा सोसावा लागत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी चांगला असलेला कपडा सायकलवर फसतो. तुमचे जॅकेट पहाटे बसथांब्यावर उभे राहण्यासाठी उत्तम असेल. सायकलवर मात्र ते चढाला नको इतके गरम आणि उताराला ओले, असे दोन्ही वेळा चुकीचे ठरते.

ओलेपणाची किंमत किती असते ते एका हिशेबावरून पाहा. एक लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. तुमच्या टी-शर्टात आणि स्वेटरमध्ये मिळून केवळ २०० मिलिलिटर घाम मुरला असे धरले, तर तो सुकवायला ४८० किलोज्यूल लागतील. आणि स्वस्थ बसलेल्या शरीराला तेवढी उष्णता निर्माण करायला ८० मिनिटे लागतात. उतारावर वारा हा घाम सुकवू लागतो तेव्हा त्या उष्णतेचा बराचसा भाग तुमच्या अंगातून ओढला जातो. शिवाय पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णतावाहक आहे. स्वेटर ऊब देतो तो त्याच्या वीणीत अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की स्वेटर उरतो, ऊब उरत नाही.

सायकल शर्यतींच्या इतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. ५ जून १९८८ रोजी इटलीतील जिरो द इतालिया या अनेक टप्प्यांच्या शर्यतीचा मार्ग २६०० मीटरहून उंच असलेल्या गाव्हिया खिंडीतून जात होता आणि त्या दिवशी तिथे हिमवृष्टी झाली. योहान व्हान डर व्हेल्डे हा डच सायकलपटू आखूड बाह्यांच्या जर्सीत सर्वांच्या पुढे माथ्यावर पोहोचला. चढावर त्याचे काहीच अडले नाही, कारण अंगातली उष्णता त्याला पुरत होती. उतार लागल्यावर मात्र तो इतका गारठला की त्याला वाटेत आसरा घ्यावा लागला आणि त्या टप्प्यात तो चाळीस मिनिटांहून अधिक मागे पडला. त्याच दिवशी अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने सकाळीच स्कीइंगच्या दुकानातून टोप्या आणि जाड हातमोजे आणून ठेवले होते. हॅम्पस्टेनने आघाडीवरच्या स्पर्धकाची गुलाबी जर्सी मिळवली ती त्या दिवशी आणि पुढे ती शर्यतही जिंकली. एकाकडे उताराचे कपडे होते, दुसऱ्याकडे नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे, की थंडीसाठी एक जाड कपडा शोधू नका. सहज उघडता येतील, मिटता येतील, काढून खिशात ठेवता येतील असे दोन-तीन पातळ कपडे घ्या. त्यांतला सर्वांत आतला घाम दूर नेणारा असावा आणि सर्वांत बाहेरचा वारा अडवणारा.

आतल्या कपड्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. अंगाला लागून सुती कपडा घालण्याची आपल्याला सवय असते आणि उकाड्यात ती योग्यही आहे, कारण ओला सुती कपडा अंग थंड ठेवतो. नेमक्या याच गुणामुळे तो थंडीत नको. सुताचा धागा पाणी पितो, धरून ठेवतो, भिजल्यावर मऊ पडून कातडीला चिकटतो आणि हवेला जागा ठेवत नाही. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ काहीच पाणी शोषत नाही. घाम त्याच्या विणीतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि लवकर सुकतो. त्याचा दोष म्हणजे त्याला घामाचा वास लवकर धरतो. मेरिनो लोकरीचे वागणे आणखी वेगळे आहे. ती स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा धाग्याच्या आत मुरवून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. धाग्यांच्या नैसर्गिक कुरळेपणामुळे ती भिजल्यावरही थोडीफार हवा धरून ठेवते. आणि तिला वास लवकर धरत नाही. लोकर टोचते ही तक्रार जाडसर लोकरीची आहे. कपड्यांसाठी वापरला जाणारा मेरिनोचा धागा साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या एक चतुर्थांश जाडीचा असतो, आणि इतका बारीक धागा टोचण्याऐवजी वाकतो. लोकर पॉलिएस्टरपेक्षा सावकाश सुकते हेही खरे. तुमच्या दीड तासाच्या फेरीसाठी मी पातळ मेरिनोचा लांब बाह्यांचा कपडा निवडेन. ज्यांना फार घाम येतो त्यांच्यासाठी पॉलिएस्टरची जाळीदार बनियनही चांगली, कारण जाळीच्या भोकांत हवा राहते आणि ओला कपडा कातडीला टेकत नाही. कोणताही घेतलात तरी तो अंगाला नीट बसणारा हवा. सैल कपडा घाम उचलत नाही. ही एकच वस्तू बदलून पाहिलीत तरी उतारावरचा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल.

मधल्या थराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आतून मऊ लव असलेली, पूर्ण लांबीची चेन असलेली लांब बाह्यांची सायकलिंगची जर्सी पुरते. चेन पूर्ण लांबीचीच असावी, कारण चढावर ती छातीपर्यंत उघडता येणे हाच तुमचा खरा तापमान-नियंत्रक आहे.

बाहेरच्या थराचे काम वारा अडवणे एवढेच आहे. हवामानखाते वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी म्हणून जो आकडा सांगते, त्याचे मूळ अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचे आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे, अशी त्यांची साधी पद्धत होती. ते निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार ७ अंश तापमानात ताशी दहा किलोमीटरचा वारा ५ अंशांसारखा जाणवतो आणि ताशी चाळीस किलोमीटरचा सुमारे २ अंशांसारखा. हा आकडा उघड्या, कोरड्या चेहऱ्यासाठी आहे. घामाने ओल्या छातीवर तोच वारा लागला तर थंडी याहून पुष्कळ अधिक भासते. मात्र एक दिलासा यातच आहे: तापमान शून्याच्या वर असेल, तर वारा कितीही असला तरी कोरडी कातडी गोठत नाही.

वारा समोरून येतो आणि घाम पाठीला जास्त येतो, या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की बाहेरचा कपडा निवडणे सोपे जाते. पुढची बाजू वाराबंद आणि पाठ हवेशीर, जाळीची किंवा पातळ विणीची, असा कपडा घ्यावा. तुमच्याकडच्या तापमानाला मी बिनबाह्यांच्या वाराबंद बंडीला पहिली पसंती देईन. ती धडाला सांभाळते, काखा मोकळ्या ठेवते, आणि मुठीएवढी घडी होऊन जर्सीच्या मागच्या खिशात बसते. चढाला ती खिशात असावी आणि माथ्यावर थांबून, उतार सुरू होण्याआधी, घालावी. शर्यतीतले जुने सायकलपटू माथ्यावर उभ्या असलेल्या लोकांकडून वर्तमानपत्र घेऊन ते जर्सीच्या आत छातीवर खुपसत आणि मग उतरत. तत्त्व हेच, आणि कधी बंडी विसरलात तर कागद आजही तितकेच चांगले काम करतो.

पाऊस नसताना रेनकोट हा वाऱ्यावरचा उपाय म्हणून वापरू नका. साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटातून घामाची वाफ बाहेर पडत नाही आणि तुम्ही आतून भिजता. गोर-टेक्ससारखा पडदा असलेली जॅकेटे वाफ बाहेर जाऊ देतात, पण त्यांचीही मर्यादा आहे. नेटाने चढ चढताना घाम जितक्या वेगाने तयार होतो, तितक्या वेगाने तो कोणत्याही पडद्यातून जाऊ शकत नाही. बाहेरचे कापड पावसाने भिजून जड झाले की वाफेचा मार्ग आणखी मंदावतो. पावसाच्या दिवसांसाठी असे जॅकेट अवश्य ठेवा, कोरड्या पहाटेसाठी नव्हे.

आता हातांकडे वळतो. गारठा जाणवला की शरीर आधी काळीज, फुप्फुसे आणि मेंदू यांची काळजी घेते आणि हातापायांच्या बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. बोटे बारीक असतात, त्यांत उष्णता निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नसतात आणि हँडलवर ती वाऱ्याच्या थेट तोंडी असतात. त्यामुळे बोटे गार पडण्याचे पहिले कारण पुष्कळदा छातीवर असते. ओल्या कपड्यांमुळे धड गारठले की शरीर बोटांचा रक्तपुरवठा कमी करते, आणि मग कितीही जाड हातमोजे घातले तरी ते ऊब आणणार कुठून? हातमोजा उष्णता तयार करत नाही, आलेली राखतो. म्हणूनच वर इतके आतल्या कपड्याविषयी लिहिले. मनगटाचेही तसेच आहे; तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये दोन बोटांची उघडी पट्टी राहत असेल तर ती आधी बंद करा.

हातमोजे घेताना ते घालून ब्रेकची पकड धरून पाहा, गिअर बदलून पाहा, आणि मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरते ना ते तपासा. घट्ट हातमोजा रक्त अडवतो आणि हवेलाही जागा ठेवत नाही, म्हणून तो पातळ सैल हातमोज्यापेक्षाही थंड पडतो. बाहेरून वाराबंद, आतून लव असलेला आणि मनगटावर लांब येणारा हातमोजा तुमच्या तापमानाला पुरेल. तेवढ्याने भागले नाही, तर दोन-दोन बोटे एकत्र असलेले हातमोजे मिळतात, त्यांत बोटे एकमेकांना ऊब देतात आणि ब्रेकही दाबता येतो. सरळ हँडलच्या सायकलवर हँडललाच बसवायची मोठी आवरणे याहूनही सरस ठरतात. दिसायला ती बोजड असतात, पण त्यांच्या आत पातळ हातमोज्यातही बोटे मोकळी आणि उबदार राहतात. आणखी एक सवय लावून घ्या. हातमोज्यांच्या दोन जोड्या जवळ ठेवा, चढाला पातळ जोडी घाला आणि माथ्यावर ती काढून कोरडी, जाड जोडी चढवा. चढावर जाड हातमोज्यात तळहाताला घाम येतो, आणि उतारावर तुमची बोटे बधिर होतात त्यात या घामाचा वाटा मोठा असणार असे मला वाटते.

बोटांची दुर्दशा किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण बर्नार इनो या फ्रेंच सायकलपटूचे आहे. १९८० च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील लीएज-बास्तोन-लीएज ही शर्यत त्याने बर्फवृष्टीत नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. १७४ पैकी अवघ्या २१ जणांनी ती पूर्ण केली. त्या दिवसाने त्याच्या दोन बोटांना कायमची इजा केली. तुमच्या तापमानाला इतके काही होणार नाही. परंतु बोटे पांढरीफटक पडत असतील, पांढऱ्या आणि तांबूस कातडीमध्ये स्पष्ट सीमारेषा दिसत असेल आणि थोड्याशा गारव्यातही तसे होत असेल, तर तो रेनो नावाचा त्रास असू शकतो. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने त्याचे वर्णन १८६२ मध्ये केले होते आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. तसे असेल तर कपडे बदलण्याबरोबर डॉक्टरांनाही दाखवा.

पायांच्या बाबतीत सर्वांत सामान्य चूक म्हणजे बुटात जाड मोजे किंवा दोन मोजे कोंबणे. सायकलिंगचा बूट आधीच घट्ट असतो आणि त्याचा तळवा कडक असल्यामुळे पाऊल आत हलत नाही. चालताना पावलाच्या हालचालीने रक्त जसे खेळते तसे सायकलवर खेळत नाही. त्यात जाड मोजा घातला की उरलेसुरले रक्तही अडते. मोजा पातळ लोकरीचाच ठेवा, बोटे आत हलवता आली पाहिजेत, आणि ऊब बुटाच्या बाहेरून द्या. बुटावर चढवायची वाराबंद आवरणे याचसाठी असतात; तुमच्या तापमानाला फक्त पुढचा भाग झाकणारे आवरणही पुरावे. उन्हाळ्यात उपयोगी पडणारी बुटाची जाळी आणि तळाची छिद्रे हिवाळ्यात वारा आत घेतात. बुटाला क्लीट, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारी तळाची पट्टी, असेल तर तिच्या स्क्रूंच्या जागेतून गारवा वर येतो. आतल्या गादीखाली जाड कागदाचा किंवा फोमचा पातळ तुकडा ठेवला तर तो बराच कमी होतो. बूट रात्री घराबाहेर किंवा गॅलरीत ठेवत असाल तर आत आणा. वाटेत पाय गारठले, तर सायकल हातात धरून शंभर-दोनशे पावले चाला; पाऊल वाकले की रक्त परत येते.

पायांच्या स्नायूंना फारसे जपावे लागत नाही, कारण उष्णता तिथेच तयार होते. गुडघ्यांचे मात्र तसे नाही. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडी, स्नायुबंध आणि हाड एवढेच असते आणि प्रत्येक फेऱ्यात तोच भाग वाऱ्याला सामोरा जातो. तापमान १५ अंशांखाली असेल तर गुडघे झाकूनच निघायचे, असा माझा अनेक वर्षांचा नियम आहे. आतून लव असलेली, घोट्यापर्यंतची, खांद्यांवर पट्टे असलेली सायकलिंगची विजार सर्वांत चांगली, कारण हँडलवर वाकल्यावर कमरेची मागची बाजू उघडी पडत नाही आणि पोटावर इलॅस्टिक काचत नाही. ती घ्यायची नसेल तर सध्याच्या चड्डीबरोबर घालायचे विजारीचे सुटे पायही मिळतात, ते ऊन वर आल्यावर काढून ठेवता येतात. सैल पॅन्ट नको. वारा आत शिरतो आणि ती साखळीतही अडकते. अर्थात गुडघे झाकूनही दुखत राहिले, तर कारण थंडीऐवजी बैठकीची उंची किंवा फार जड गिअर हे असू शकते. बैठक कमी उंचीवर असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. हे आधी तपासून घ्या.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असे अजूनही सांगितले जाते, ते खरे नाही. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या सुमारे एक दशांश आहे आणि उघडे राहिल्यास उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही कान आणि कपाळ लवकर दुखू लागतात, म्हणून हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी किंवा कपाळपट्टी घाला. पातळ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जाड कानटोपीवर हेल्मेट वर चढून बसते आणि पडल्यास ते आपले काम करत नाही. टोपी घातल्यावर हेल्मेटची मागची चकती आणि हनुवटीचा पट्टा पुन्हा जुळवून घ्या. गळ्याभोवती लोकरीची नळीसारखी पट्टी असू द्या. ती उतारावर नाकापर्यंत ओढली की थंड, कोरडी हवा थोडी ऊबदार आणि दमट होऊन आत जाते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी तर ही पट्टी अत्यावश्यक आहे. डोळ्यांना पाणी येऊन रस्ता धूसर होतो, त्यासाठी पारदर्शक काचांचा चष्मा वापरा.

तुम्ही पहाटे निघता, तेव्हा अंधार असणार. भडक पोपटी किंवा नारिंगी रंग दिवसाउजेडी चांगला दिसतो, पण अंधारात त्याचा उपयोग नसतो. तिथे प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्याच लागतात. त्या पाठीवर असाव्यातच, शिवाय घोट्यांना आणि गुडघ्यांनाही लावा. वरखाली हलणाऱ्या पट्ट्या पाहून मागच्या चालकाला पुढे सायकलस्वार आहे हे लवकर ओळखू येते.

तर ६ ते ८ अंशांच्या पहाटेला माझ्या मते तुम्ही असे निघावे: पातळ मेरिनोचा आतला कपडा, त्यावर लव असलेली जर्सी, लांब विजार, पातळ टोपी, गळ्याची पट्टी, पातळ हातमोजे आणि बुटांवर आवरण, खिशात वाराबंद बंडी आणि जाड हातमोजे. घरातून बाहेर पडताना थोडे गार वाटले पाहिजे. पहिली दहा मिनिटे अंगावर किंचित शहारा राहिला तर कपडे बरोबर आहेत. दारातच ऊबदार वाटले, तर चढावर तुम्ही नक्की भिजणार. पारा २-३ अंशांवर उतरला तर बंडीऐवजी बाह्यांचे वाराबंद जॅकेट घ्या. शून्याच्या आसपास रस्ता ओला असेल तर कपड्यांचा प्रश्नच उरत नाही, कारण न दिसणाऱ्या बर्फाच्या पातळ थरावर चाक घसरते. त्या दिवशी घरी थांबा.

कधी पंक्चर झाले किंवा साखळी तुटली आणि बराच वेळ थांबावे लागले, तर पहिल्या मिनिटालाच सगळे कपडे चढवा, थंडी वाजण्याची वाट पाहू नका. हुडहुडी आवरत नसेल, बोलताना जीभ जड होत असेल, कपड्याची साधी चेन लावणेही हातांना जमत नसेल, तर शरीराचे आतले तापमान घसरू लागले आहे असे समजावे आणि तात्काळ आसरा आणि मदत घ्यावी. घरी पोहोचल्यावर आधी ओला कपडा काढा, बाकी सगळे नंतर.

धुण्याबद्दल एवढेच, की कपडे मऊ करणारे द्रव या कपड्यांना वापरू नका. त्यांचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम वाहून नेण्याचे काम मंदावते. लोकर कोमट पाण्यात धुऊन सावलीत आडवी सुकवावी.

सगळे एकदम घ्यावे लागत नाही. पहिल्यांदा हातमोजे आणि आतला कपडा, मग वाराबंद बंडी, मग बुटांची आवरणे, या क्रमाने घ्या. फुगीर जॅकेट फेकू नका. कुणी गाडीने न्यायला येणार असेल, तेव्हा ते गाडीत असू द्या. आणि नवे कपडे घालून पहिल्यांदा चढ चढलात की माथ्यावर थांबा, हातमोजा काढा, हात पाठीमागून जर्सीखाली घालून खांद्याच्या फऱ्यांमधली जागा चाचपून पाहा. तिथे ओल लागली, तर पुढच्या खेपेला चढाच्या पायथ्याशीच जर्सीची चेन उघडा आणि तरीही ओल लागली तर मधला थर आणखी पातळ करा. कोरडे लागले, तर बंडी घाला, गळ्यापर्यंत चेन ओढा, जाड हातमोजे चढवा, दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा आणि मग उतरायला लागा.